हृदयप्रतिमा आणि हृदयविकाराची जोखीम : संशोधनाची वाट कशी धरावी

हृदयरोगशास्त्राचे शिक्षण संपवून इमेजिंगकडे, म्हणजे हृदयाच्या प्रतिमा काढून वाचण्याकडे, वळलेले तरुण डॉक्टर माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांची मागणी एकच असते : संशोधन करायचे आहे, विषय सुचवा. मी हल्ली विषय सुचवत नाही. त्याऐवजी त्यांना दोन प्रश्न विचारतो. तुम्ही रोज जे मोजता त्यातले कोणते माप तुम्हाला खात्रीने मोजता येते? आणि ते माप वेगळे आले असते, तर रुग्णाच्या उपचारात नेमके काय बदलले असते? हृदयप्रतिमा आणि जोखीम यांवरचे जवळजवळ सगळे चांगले काम या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत झालेले आहे. पुढील मार्गदर्शन इको (हृदयाची सोनोग्राफी), सीटी किंवा एमआरआय रोज वाचणाऱ्या, पण स्वतःचा अभ्यास अजून हाती न घेतलेल्या डॉक्टरांसाठी आहे.

एका मापाची कुंडली मांडून पाहा

स्वतःचा विषय ठरवण्यापूर्वी एखाद्या प्रस्थापित मापाचा जन्मापासूनचा प्रवास मूळ शोधनिबंध काढून क्रमाने वाचावा, म्हणजे हा उद्योग किती वर्षांचा आहे याचा अंदाज येतो. मी यासाठी कॉरोनरी कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयधमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचे माप, वाचायला सांगतो. आर्थर अ‍ॅगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९९० मध्ये प्रसिद्ध केली. कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिले जाणारे द्रव्य) न टोचता हृदयाचा सीटी काढायचा, हृदयधमन्यांमध्ये जिथे घनता १३० हाउन्सफील्ड एकके किंवा त्याहून जास्त दिसते ते ठिपके कॅल्शियमचे मानायचे, प्रत्येक ठिपक्याचे क्षेत्रफळ मोजायचे आणि त्यातल्या सर्वाधिक घनतेनुसार त्याला १ ते ४ पैकी एका आकड्याने गुणायचे : १३० ते १९९ असेल तर १, २०० ते २९९ असेल तर २, ३०० ते ३९९ असेल तर ३ आणि ४०० किंवा त्याहून जास्त असेल तर ४. सगळ्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे स्कोअर.

हा हिशेब एकदा हाताने करून पाहावा. संगणक तो क्षणात करतो, पण त्यामुळे त्याच्या पोटात काय दडले आहे ते दिसत नाही. समजा, एका धमनीत ८ चौरस मिलिमीटरचा ठिपका आहे आणि त्याची कमाल घनता २२० आहे. त्याचे गुण होतात १६. दुसऱ्या रुग्णात तेवढ्याच आकाराच्या ठिपक्याची कमाल घनता ४१० आहे; त्याचे गुण होतात ३२. म्हणजे कॅल्शियम जितके घट्ट तितका रुग्ण अधिक धोक्यात, असे हे सूत्र गृहीत धरते. हे गृहीतक खरे आहे का, हा प्रश्न सूत्रातच दडलेला होता, पण त्याचे उत्तर मिळायला बरीच वर्षे जावी लागली.

दरम्यान २००० साली अमेरिकेत ‘मेसा’ हा अभ्यास सुरू झाला. त्यात ४५ ते ८४ वयाच्या, हृदयविकाराचे निदान न झालेल्या ६,८१४ व्यक्ती सहा ठिकाणांहून आणि चार वांशिक गटांतून घेतल्या गेल्या, त्यांचे कॅल्शियम मोजले गेले आणि मग वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा झाला. २००८ मध्ये त्याचा निष्कर्ष आला : नेहमीचे जोखीमघटक लक्षात घेतल्यानंतरही, ज्यांच्या धमन्यांत कॅल्शियम अजिबात नव्हते त्यांच्या तुलनेत १०१ ते ३०० स्कोअर असणाऱ्यांमध्ये हृदयधमनीविकाराच्या घटनांची (झटका, मृत्यू वगैरे) जोखीम सुमारे पावणेआठ पट होती आणि ३०० च्या पुढे ती साडेनऊ पटींहून अधिक होती. अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शक तत्त्वांत या स्कोअरला उपचाराच्या निर्णयात स्थान मिळाले. दहा वर्षांची जोखीम साडेसात ते वीस टक्क्यांच्या दरम्यान असलेल्या आणि स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू करावे की नाही याबद्दल मन ठरत नसलेल्या व्यक्तीत स्कोअर शून्य आला, तर औषध लांबणीवर टाकता येते, अर्थात मधुमेह, धूम्रपान किंवा कमी वयातल्या हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास नसेल तर. पद्धत निघाल्यापासून इथपर्यंत यायला २८ वर्षे लागली. तुमच्या पहिल्या शोधनिबंधाने उपचार बदलतील ही अपेक्षा यानंतर आपोआप गळून पडते, आणि ती गळून पडलेलीच बरी.

राहिला घट्टपणाचा प्रश्न. २०१४ मध्ये मेसाच्याच संशोधकांनी दाखवले की कॅल्शियमचे एकूण आकारमान सारखे असेल, तर ते जितके घन तितकी जोखीम उलट कमी असते. म्हणजे सूत्राने ज्या दिशेला वजन दिले होते, वस्तुस्थिती तिच्या विरुद्ध होती; तरीही एकूण स्कोअर उपयोगी ठरला, कारण त्यात आकारमानाचा वाटा मोठा होता. रूढ मापाच्या आत शिरून त्याचे सुटे भाग वेगळे तपासणे हा संशोधनाचा फार मोलाचा प्रकार आहे आणि त्याला नवे यंत्र लागत नाही.

पहिला अभ्यास मोजमापाचाच असावा

नवशिक्यांना मोजमापाच्या विश्वासार्हतेचा अभ्यास कंटाळवाणा वाटतो. मला मात्र वाटते की तो केल्याशिवाय कोणी जोखमीच्या अभ्यासाकडे वळूच नये. याचे कारण इकोच्या पडद्यावरच पाहा. डाव्या जवनिकेचा इजेक्शन फ्रॅक्शन (भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण) काढताना आपण शिखराकडून घेतलेल्या दोन दृश्यांत आतल्या अस्तराची कड रेखतो. हृदय पूर्ण भरलेले असताना आकारमान १२० मिलिलिटर आणि आकुंचनाच्या शेवटी ५८ मिलिलिटर आले, तर उत्तर येते जवळपास ५२ टक्के. आता दुसऱ्या वाचकाने आकुंचनाच्या शेवटची चौकट एक पाऊल आधी थांबवली, किंवा पॅपिलरी स्नायू (जवनिकेच्या आत झडपेला धरून ठेवणारे स्नायू) पोकळीत धरण्याऐवजी भिंतीत ढकलले की नाही याबाबत वेगळा निर्णय घेतला, आणि आकारमान ६४ आले, तर उत्तर होते ४७ टक्के. फरक अवघ्या सहा मिलिलिटरचा आहे, पण रुग्ण ५० टक्क्यांच्या रेषेच्या अलीकडून पलीकडे गेला. प्रोब नीट शिखरावर नसेल तर जवनिका आखूड दिसते आणि दोन्ही वाचक एकमताने चुकतात, ही आणखी वेगळी गोष्ट.

तेव्हा पहिल्या वर्षी असे काम हाती घ्यावे : पन्नासेक तपासण्या निवडाव्यात, त्यांत सुंदर चित्रांबरोबर धूसर चित्रेही हेतुपुरस्सर ठेवावीत, दोन वाचकांनी एकमेकांचे आकडे न पाहता त्या मोजाव्यात, आणि त्यांपैकी एकाने दोन-तीन आठवड्यांनी क्रम बदलून पुन्हा मोजाव्यात. शक्य असेल तर काही रुग्णांची तपासणी त्याच दिवशी दुसऱ्या तंत्रज्ञाकडून नव्याने करून घ्यावी, कारण साठवलेल्या एकाच चित्राची दोनदा केलेली मोजणी जितकी जुळते तितकी नव्याने घेतलेली चित्रे जुळत नाहीत, आणि दवाखान्यात आपल्याला दुसऱ्याच परिस्थितीला तोंड द्यायचे असते.

आकडे हाती आले की परस्परसंबंधाचा गुणांक काढून समाधान मानू नये. एक वाचक दरवेळी दुसऱ्यापेक्षा दहा टक्के जास्त सांगत असला तरी गुणांक उत्तमच येईल. १९८६ मध्ये ब्लँड आणि आल्टमन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये यावर साधा मार्ग दिला : दोन मोजण्यांतला फरक उभ्या अक्षावर आणि त्यांची सरासरी आडव्या अक्षावर मांडायची, फरकांची सरासरी पाहायची आणि बहुतेक फरक किती रुंद पट्ट्यात बसतात ते सांगायचे. तो पट्टा उणे आठ ते अधिक आठ टक्के इतका निघाला, तर वर्षभरात तीन टक्क्यांनी झालेली घसरण पकडण्याचा अभ्यास तुम्हाला त्या पद्धतीने करता येणार नाही, हे तुम्हाला तीन वर्षे फुकट घालवण्याआधी कळते. स्ट्रेनच्या, म्हणजे हृदयस्नायू किती आकसतो याच्या, मापात तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीगणिक आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीगणिक आकडे हलतात, म्हणून प्रत्येक मोजणीसोबत यंत्र, आवृत्ती आणि वाचक यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

जोखमीची भाषा आकड्यांत शिका

फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या गावात १९४८ मध्ये ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ रहिवाशांना घेऊन अभ्यास सुरू झाला, आणि ‘जोखीमघटक’ हा शब्द वैद्यकात रुळला तो १९६१ च्या सुमारास याच अभ्यासातल्या विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांच्या लेखनामुळे. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान हे सगळे आज कोणालाही तोंडपाठ असते. पण त्यातून काढलेले सूत्र एका माणसाला लावताना काय होते, याचा अभ्यास वेगळा आहे आणि तिथे इमेजिंगमधले पुष्कळ संशोधक घसरतात.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकावे. पहिली म्हणजे भेद करण्याची ताकद. ज्याला पुढे झटका आला अशी एक व्यक्ती आणि ज्याला आला नाही अशी दुसरी घेतली, तर सूत्राने पहिलीला जास्त जोखीम दिलेली असण्याची शक्यता किती, हे सी-स्टॅटिस्टिक सांगतो, ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे अचूक. दुसरी गोष्ट म्हणजे अंदाजाचा खरेपणा, म्हणजेच कॅलिब्रेशन. ज्या शंभर जणांना सूत्राने दहा टक्के जोखीम सांगितली, त्यांतल्या साधारण दहा जणांना ठरलेल्या काळात घटना घडली का? सूत्र माणसांची रांग बरोबर लावत असेल, पण प्रत्येकाचा आकडा दुप्पट सांगत असेल, तर अनेकांना नको ती औषधे सुरू होतील. २००१ मध्ये फ्रेमिंगहॅमचे सूत्र अमेरिकेतल्याच वेगवेगळ्या वांशिक गटांवर तपासले गेले, तेव्हा गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांत ते बरे चालले, पण जपानी वंशाच्या व हिस्पॅनिक पुरुषांत आणि मूलनिवासी स्त्रियांत त्याने जोखीम वाढवून सांगितली. मूळ दर दुरुस्त केल्यावर ते जागेवर आले. म्हणून कोणतेही परके सूत्र आपल्या रुग्णांवर लावण्याआधी त्याचा खरेपणा तपासणे हा एक स्वतंत्र, प्रामाणिक आणि सहज करता येण्याजोगा शोधनिबंध आहे.

मग प्रतिमेची पाळी येते. तुमचे नवे माप घटनेशी संबंधित आहे एवढे दाखवून काही साधत नाही, कारण वयाशी जोडलेली कोणतीही गोष्ट घटनेशी संबंधित निघते. वय, लिंग, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह आणि धूम्रपान माहीत असताना, म्हणजे जवळजवळ फुकट मिळणारी माहिती हाती असताना, तुमच्या मापाने अंदाजात काय भर पडली, हे दाखवावे लागते. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या अस्तराची जाडी हे याचे बोलके उदाहरण आहे. सोनोग्राफीने मोजता येणाऱ्या या जाडीवर कितीतरी प्रबंध झाले आणि तिचा घटनांशी संबंधही खरा होता. पण २०१२ मध्ये १४ समूहांतल्या व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा फ्रेमिंगहॅमच्या सूत्रात या जाडीने पडणारी भर अगदी किरकोळ निघाली, आणि पुढच्याच वर्षीच्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी जोखीम ठरवण्यासाठी तिचा रोजचा वापर करू नये असे सांगितले. आपले आयुष्य एकाच मापाला वाहून घेणाऱ्याने हे पान अधूनमधून उघडून पाहावे.

घटनांचा हिशेब आधी करा

इथे गणित साधे आहे आणि तरी ते बहुतेकजण शेवटी करतात. तुमच्याकडे ३०० रुग्ण आहेत, तीन वर्षांचा पाठपुरावा आहे आणि वर्षाला शंभरात एकाला घटना घडते, तर एकूण घटना होतील नऊ. नऊ घटनांवर सहा जोखीमघटक आणि दोन प्रतिमामापे बसवणारे सूत्र करणे म्हणजे वाळूवर रेघ ओढणे. जोखमीच्या सूत्राची ताकद रुग्णसंख्येवर तितकी अवलंबून नसते जितकी ती घटनांच्या संख्येवर असते, आणि आवश्यक नमुना किती हे संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून प्रकल्पाचा आराखडा लिहितानाच काढावे लागते. संख्याशास्त्रज्ञाकडे आकडे गोळा झाल्यावर जाणे म्हणजे इमारत उभी राहिल्यावर वास्तुविशारद शोधण्यासारखे आहे.

घटना पुरेशा नसतील तर मार्ग तीन आहेत : मोजमापाच्या प्रश्नावर थांबणे, इतर केंद्रांशी हातमिळवणी करणे, किंवा आधीच गोळा झालेली मोठी माहिती वापरणे. तिसरा मार्ग नवख्याला सर्वांत लवकर शिकवतो. मेसासारख्या अभ्यासांची माहिती अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेच्या भांडारातून अर्ज करून मिळू शकते. पाच लाख सहभागींच्या ‘यूके बायोबँक’ने त्यांतल्या एक लाख व्यक्तींच्या शरीरप्रतिमा घेण्याचा प्रकल्प राबवला आणि त्यात हृदयाचा एमआरआयही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने इकोच्या १०,०३० चित्रफिती मोजमापांसह संशोधकांसाठी खुल्या केल्या आहेत. अशा माहितीवर काम करताना प्रश्न आणि विश्लेषणाची रीत अर्ज करतानाच लिहून काढावी, नाहीतर हजार चलांच्या रानात काहीतरी चमकणारे सापडतेच आणि मग त्यालाच आपला मूळ प्रश्न म्हणण्याचा मोह होतो.

प्रतिमाच निकाल ठरवू लागते तेव्हा

या क्षेत्रातला एक खड्डा इतका खास आहे की त्यावर थोडे थांबले पाहिजे. समजा, सीटी अँजिओग्राफीत (कॉन्ट्रास्ट टोचून काढलेल्या हृदयधमन्यांच्या सीटीत) अडथळा दिसणाऱ्यांना पुढे जास्त घटना घडतात का, हे तुम्हाला पाहायचे आहे, आणि घटनांच्या यादीत तुम्ही मृत्यू आणि हृदयविकाराचा झटका यांच्याबरोबर अँजिओप्लास्टी आणि बायपासही धरली. अडथळा दिसला म्हणूनच पुढच्या महिन्यात अँजिओप्लास्टी झाली. मग तुमच्या अभ्यासाने सिद्ध केले ते एवढेच की डॉक्टर अहवाल वाचतात! आकडे मात्र फार देखणे येतात, आणि त्यामुळेच असे निबंध छापून येतात. उपाय असे : मुख्य निकाल मृत्यू आणि झटका यांवर ठेवावा, तपासणीनंतरच्या सुरुवातीच्या काही महिन्यांतल्या नियोजित शस्त्रक्रिया वेगळ्या मोजाव्यात, आणि घटना खरी की नाही हे ठरवणाऱ्या समितीला प्रतिमेचा निकाल कळू देऊ नये.

दुसरा खड्डा निवडीचा. सीटीसाठी पाठवलेला रुग्ण हा सर्वसाधारण माणूस नसतो. कोणातरी डॉक्टरला त्याच्याबद्दल काहीतरी खटकले म्हणून तो तिथे आलेला असतो. अशा रुग्णांवर काढलेली जोखीम लक्षणे नसलेल्या लोकांना लावता येत नाही. आपल्या समूहात कोण कसे आले, कोणाला वगळले आणि का, हे निबंधात पहिल्याच आकृतीत दाखवावे.

चित्राने रुग्णाला फायदा होतो का

जोखीम सांगता येणे आणि ती कमी करता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर यादृच्छिक चाचणीनेच, म्हणजे रुग्णांची गटांत वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करणाऱ्या चाचणीनेच, मोजता येते. या विषयावरच्या तीन चाचण्या शेजारी ठेवून वाचाव्यात. स्कॉटलंडमधील ‘स्कॉट-हार्ट’मध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सीटी अँजिओग्राफी मिळाली, पाच वर्षांत हृदयधमनीविकाराने मृत्यू किंवा प्राणघातक नसलेला झटका यांचे प्रमाण त्यांच्यात २.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के होते. याउलट १०,००३ रुग्णांच्या ‘प्रॉमिस’ चाचणीत सीटीची तुलना स्ट्रेस टेस्टसारख्या तपासण्यांशी झाली आणि साधारण दोन वर्षांत निकालांत फरक पडला नाही. तिसरी डेन्मार्कमधली ‘डॅनकॅव्हास’ : ६५ ते ७४ वयाच्या पुरुषांना कॅल्शियम स्कोअरसह व्यापक तपासणीचे आमंत्रण देण्यात आले, आणि पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात मृत्यूचे प्रमाण आमंत्रित गटात १२.६ टक्के व इतरांत १३.१ टक्के राहिले, जो फरक संख्याशास्त्रीय निकषावर अगदी थोडक्याने उतरला नाही.

तिन्ही वाचल्यावर विद्यार्थ्यांना मी विचारतो की यात चित्राने नेमके काय केले. स्कॉट-हार्टमध्ये पाच वर्षांच्या अखेरीस दोन्ही गटांतल्या अँजिओप्लास्टी आणि बायपास यांचे प्रमाण जवळपास सारखे होते. वेगळे होते ते प्रतिबंधक औषधांचे प्रमाण, जे सीटीच्या गटात जास्त होते. म्हणजे फायदा झाला असेल तर तो स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन यांच्या वाटेने झाला असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा स्वतःची चाचणी आखताना चित्र कोणाला दाखवायचे, त्यावरून कोणते औषध सुरू करायचे आणि ते रुग्ण घेतो की नाही हे कसे मोजायचे, ही साखळी आराखड्यात कडी-कडीने लिहावी. एक कडी कच्ची असली की उत्तम यंत्रावर काढलेल्या चित्राचाही उपयोग शून्य.

आराखड्यात आणखी दोन गोष्टी आधीच लिहाव्या लागतात. कॅल्शियमच्या सीटीत किरणोत्सर्गाची मात्रा साधारण एक मिलिसिव्हर्ट असते, आणि तपासलेली माणसे निरोगी असतील तर तेवढ्याचेही समर्थन नीतिसमितीला द्यावे लागते. शिवाय छातीच्या सीटीत हृदयाबरोबर फुप्फुसेही दिसतात. तिथे गाठ दिसली तर कोण सांगणार, कोणाकडे पाठवणार आणि पुढच्या तपासण्यांची जबाबदारी कोणाची, हे पहिल्या रुग्णाची संमती घेण्यापूर्वी ठरलेले असावे.

यंत्राला शिकवताना

कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रकल्प आज प्रत्येकाला हवे असतात, म्हणून तीन सावधगिऱ्या थोडक्यात. प्रशिक्षणाचा आणि परीक्षेचा गट करताना वाटणी रुग्णांची करावी, चित्रांची करू नये. एकाच रुग्णाची दोन चित्रे दोन्हीकडे गेली तर यंत्र रुग्ण ओळखते, रोग ओळखत नाही. वेगळ्या केंद्रातल्या आणि वेगळ्या यंत्रावरच्या प्रतिमांवर तपासल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवू नये, कारण गंभीर रुग्ण एकाच पोर्टेबल यंत्रावर तपासले जात असतील तर प्रणाली त्या यंत्राचीच खूण शिकते. आणि अहवाल लिहिताना जोखीम सांगणाऱ्या सूत्रांचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या २०१५ च्या ‘ट्रायपॉड’ या मार्गदर्शिकेची २०२४ मधली सुधारित आवृत्ती शेजारी ठेवावी. समीक्षक तीच घेऊन बसतात.

माणसे, वेळ आणि श्रेय

मार्गदर्शक निवडताना त्याच्या शोधनिबंधांची संख्या पाहू नये. त्याच्याकडे शिकलेल्यांपैकी किती जण पाच वर्षांनंतरही संशोधन करत आहेत ते पाहावे, आणि शक्य झाल्यास त्यांच्याशी बोलावे. एकच मार्गदर्शक सहसा पुरत नाही : प्रतिमा कळणारा एक, रोगपरिस्थितिविज्ञान आणि संख्याशास्त्र कळणारा दुसरा. इमेजिंगमधल्या फेलोशिपनंतर या दुसऱ्या शास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतले तर उत्तमच. ते शक्य नसेल तर निदान आर किंवा पायथॉन या संगणकभाषांमध्ये स्वतःचे विश्लेषण स्वतः चालवण्याइतके तरी शिकावे, कारण दुसऱ्याने काढून दिलेल्या तक्त्यातली चूक आपल्या डोळ्यांना कधी दिसत नाही.

संशोधनाचा वेळ आठवड्यातल्या ठरावीक अर्ध्या दिवसांच्या रूपात नोकरीच्या करारात लिहून घ्यावा. तोंडी दिलेला वेळ पहिल्याच गर्दीच्या आठवड्यात इकोच्या खोलीत जातो. लेखकांची नावे आणि क्रम काम सुरू होतानाच ठरवावेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष त्यासाठी आहेत : कामात खरा वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक फेरतपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. केवळ यंत्र विभागाचे आहे म्हणून विभागप्रमुखाचे नाव या निकषांत बसत नाही, हे सांगणे अवघड असते, पण सुरुवातीला सांगितले तर ते शेवटी सांगण्यापेक्षा सोपे जाते.

माहिती जपून ठेवण्याची रीत

माझ्या पहिल्या अभ्यासात एक दिवस असे आढळले की काही रुग्णांचा मृत्यू त्यांच्या तपासणीच्या आधी झाला होता. तक्त्यात निम्म्या तारखा दिवस-महिना-वर्ष अशा होत्या आणि निम्म्या महिना-दिवस-वर्ष अशा; दोन संगणकांवर भरताना कोणाच्या लक्षात आले नव्हते, आणि भरणारा बहुतांशी मीच होतो. मृत्यू आधी आलेले रुग्ण सापडले हे नशीब, कारण ज्यांच्या तारखा चुकूनही पुढच्याच राहिल्या ते कसे ओळखणार? सगळे कागद पुन्हा काढून एकेक तारीख ताडून पाहावी लागली आणि त्यात पावसाळा गेला. तेव्हापासून तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहिणे, प्रत्येक स्तंभाचा अर्थ आणि एकक सांगणारी वेगळी फाइल ठेवणे आणि मूळ तक्त्यात कधीही हाताने बदल न करता सर्व दुरुस्त्या संगणक-आज्ञावलीतून करणे, हे तीन नियम मी पाळतो.

प्रतिमांच्या बाबतीत रुग्णाची ओळख पुसणे हे वेगळे काम आहे. डायकॉम (वैद्यकीय प्रतिमा साठवण्याचे प्रमाणित स्वरूप) फाइलच्या शीर्षकातले नाव, जन्मतारीख, क्रमांक हे रकाने रिकामी केली की काम संपले असे वाटते, पण इकोच्या चित्रात नाव बहुधा चित्रावरच, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात छापलेले असते आणि ते शीर्षक पुसल्याने जात नाही. प्रत्येक यंत्राच्या चित्रातला तो पट्टा कापावा किंवा काळा करावा, आणि फायली बाहेर पाठवण्यापूर्वी त्यांतल्या काही उघडून डोळ्यांनी पाहाव्यात.

मूळ प्रतिमा मात्र टाकून देऊ नयेत, आणि केवळ अंतिम आकडाही ठेवू नये. कॅल्शियमच्या घनतेचा तो २०१४ चा निष्कर्ष नव्याने स्कॅन न काढता मिळाला, कारण २००० ते २००२ मध्ये काढलेल्या मेसाच्या स्कॅनमधून एकूण स्कोअर आणि कॅल्शियमचे आकारमान ही दोन्ही मापे वेगवेगळी नोंदवून ठेवलेली होती; दोन्हींवरून घनता मागाहून काढता आली. तुमच्या अभ्यासातही स्कोअरबरोबर त्याचे घटक, अहवालाबरोबर मूळ फाइल, आणि फाइलबरोबर यंत्राचे नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती व मोजणाऱ्याची खूण ठेवावी, आणि तुम्ही ती जागा सोडून गेल्यावर हे भांडार कोण उघडू शकेल हे एका पानावर लिहून विभागात ठेवावे.